ईलची पिल्लं खारं आणि गोडं पाणी कशी पेलतात?

बिनकाटा
सहा-सात वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळतो आहे. गेल्या महिन्यात एक लहान मोरे ईल (सापासारखा लांबट मासा) आणली. वीतभर लांब, राखाडी-तपकिरी अंग, त्यावर पिवळसर शिंतोडे. देताना 'गोड्या पाण्यातली मोरे' असं सांगितलं होतं. पहिले चार दिवस पाइपातून डोकं काढून इकडेतिकडे बघायची. आता बारा दिवस झाले, काही खात नाही. कोळंबीचा तुकडा चिमट्याने अगदी तोंडाशी नेला तरी मान वळवते.

ज्याच्याकडून आणली त्याला विचारलं, तर म्हणाला, "ईल समुद्रात जन्मते, नदीत वाढते, तिला कुठलंही पाणी चालतं." मीही लहानपणापासून हेच वाचत आलोय. म्हणून हा धागा. ईलच्या सगळ्या जातींची पिल्लं दोन्ही पाणी पेलतात का? पेलत असतील तर शरीरात नेमकं काय होतं? आणि माझ्या या पाहुणीचं काय करू?

ओहोटी
आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य असतील तर मग खारटपणाकडे वळू.

बिनकाटा
दोन्ही शून्य. तापमान २६. बाकीचे मासे मजेत आहेत.

शिंपला
मग पाणीच चुकलंय. वर्णनावरून ही जिम्नोथोरॅक्स टाइल वाटते. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांच्या वर्णनात तिची पहिल्यांदा नोंद केली, म्हणून 'गोड्या पाण्यातली' हा शिक्का तिला कायमचा चिकटला. प्रत्यक्षात ती खाडीच्या मुखाशी राहते. भरतीबरोबर पाणी खारट होतं, ओहोटीला मचूळ. काही काळ गोड्या पाण्यात तग धरते, पण तग धरणं म्हणजे जगणं नव्हे. खाणं सोडणं हे पहिलं लक्षण.

आता मूळ घोटाळ्याकडे. 'ईल' हे एका जातीचं नाव नाही, आठशेहून जास्त जातींच्या मोठ्या गोतावळ्याचं आहे. मोरे, काँगर, वाळूत उभ्या राहणाऱ्या गार्डन ईल हे सगळे त्यात येतात आणि बहुतेक सगळे जन्मभर समुद्रातच असतात. समुद्रात जन्मून नदीत वाढणारी म्हणतात ती फक्त अँग्विला ही प्रजाती. तिच्यात वीसही जाती नाहीत. त्या वीसांचं वागणं आठशेंच्या गळ्यात बांधलं की तुमच्यासारख्याची ईल उपाशी राहते.

पाऊलवाट
आणि इलेक्ट्रिक ईल?

शिंपला
ती ईलच नाही. तिची भावकी मांगूर-शिंगाळ्यासारख्या मिशीवाल्या माशांच्या जवळची. अंगाचा आकार सारखा, एवढंच. आपल्याकडेही 'वाम' म्हणताना लोक दोन-तीन अगदी वेगळ्या कुळांतले लांबट मासे एकत्र मोजतात, तसंच हे.

सूक्ष्मदर्शी
"शरीरात नेमकं काय होतं" यावर लिहितो. जरा लांबेल.

समुद्राच्या पाण्यात दर हजारी ३५ भाग क्षार असतात. ईलच्या रक्तातला खारटपणा त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे दहा-बाराच्या आसपास. नदीचं पाणी जवळपास शून्य. म्हणजे समुद्रात असताना मासा चारी बाजूंनी पाणी असूनही आतून सुकत असतो आणि नदीत असताना आतून फुगत असतो. दोन्हीकडे काम चालूच, फक्त उलट दिशेने.

समुद्रात ईल पाणी पिते. आतड्यातून पाणी शोषलं जातं, त्याबरोबर मीठही आत येतं. ते जास्तीचं सोडियम आणि क्लोराइड कल्ल्यांवरच्या खास पेशी बाहेर फेकतात, मॅग्नेशियम आणि सल्फेट मूत्रपिंड काढतं. लघवी अगदी थोडी. नदीत आल्यावर पिणं जवळजवळ बंद, भरपूर पातळ लघवी, आणि आता क्षार धरून ठेवायची धडपड.

कल्ल्यातल्या त्या पेशींना क्लोराइड पेशी म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली रंग देऊन पाहिल्या तर आजूबाजूच्या चपट्या पेशींत त्या गुबगुबीत उठून दिसतात, कारण आत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची खच्चून गर्दी. त्यांच्यात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. हा पंप येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूत शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं. पंप दोन्ही पाण्यांत लागतो, बदलतात ती त्याच्या जोडीची दारं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड बाहेर सोडणारं जे दार उघडतं, त्याच प्रथिनात माणसात बिघाड झाला की सिस्टिक फायब्रोसिस होतो. पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

धुकं
सूक्ष्मदर्शी, सुंदर प्रतिसाद. थोडी इतिहासाची भर.

समुद्रातला मासा पाणी पितो हे होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये दाखवलं, आणि त्या प्रयोगांत ईलही होत्या. त्यानंतर लगेच कोपनहेगनला ऑगस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत अँसेल कीज या तरुण अमेरिकनाने ईलचं हृदय आणि कल्ले जोडलेल्या अवस्थेत चालू ठेवून कल्ल्यांतून क्लोराइड बाहेर पडतं हे मोजलं. १९३२ मध्ये विल्मर यांच्यासह त्या पेशींचं वर्णन छापलं. हेच कीज पुढे आहार आणि हृदयरोग यांच्या संशोधनासाठी जगभर गाजले. त्यांच्या नावाबरोबर लोकांना लोणी आणि तेल आठवतं, मला मात्र ईलचे कल्ले आठवतात.

क्रोग यांनीच त्याच दशकात आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे पाण्यातलं क्लोराइड कल्ल्यांतून ओढून घेतात. ईल ते जवळपास घेतच नाही.

पाऊलवाट
मग नदीत तिचं मीठ संपत कसं नाही?

सूक्ष्मदर्शी
गळतीच फार कमी आहे. जाड, बुळबुळीत कातडी, खूप श्लेष्मा. जे थोडं जातं ते खाण्यातून भरून येतं. ज्याचा खर्च कमी त्याला मिळकतही कमी पुरते.

मृगजळ
पण हे सगळं मोठ्या ईलबद्दल झालं. प्रश्न पिल्लांचा आहे. पिल्लाला ना जाड कातडी, ना पुरेसा श्लेष्मा. सॅल्मनच्या पिल्लांना समुद्रात जाण्याआधी कित्येक आठवडे शरीर बदलावं लागतं. ईलच्या पिल्लांनाही नदीत शिरण्याआधी खाडीत थांबून तयारी करावीच लागत असणार. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात थेट उडी शक्य वाटत नाही.

खाडीकाठ
मृगजळ, इथे मी असहमत. मी काही वर्षं युरोपीय ईलच्या पिल्लांबरोबर काम केलंय, जे पाहिलं ते सांगते.

खाडीच्या तोंडाशी पोहोचतात तेव्हा ही पिल्लं अक्षरशः काचेची असतात. ग्लास ईल हे नाव उगाच नाही. सात सेंटिमीटर लांबी, वजन ग्रॅमचा एक तृतीयांश. एका किलोत साधारण तीन हजार बसतात. पांढऱ्या ट्रेमध्ये ओतली की आधी फक्त डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात, हजारो जोड्या. मग नजर सरावली की कण्याची बारीक रेघ, आणि कल्ल्यांमागे धडधडणारा एक लाल बिंदू, ते हृदय. तळहातावर घेतलं तर हाताच्या रेषा त्याच्या अंगातून दिसतात.

अशी पिल्लं आम्ही पूर्ण खाऱ्या पाण्यातून सरळ गोड्या पाण्यात हलवलेली आहेत. धडधाकट असतील तर बहुतेक सगळी जगतात. रक्ताचा खारटपणा थोडा घसरतो, मग काही दिवसांत सावरतो. सॅल्मनसारखी दीर्घ तयारी यात नाही.

मृगजळ
मग खाडीत आठवडेच्या आठवडे का रेंगाळतात?

खाडीकाठ
रेंगाळतात, बरोबर. पण त्यात क्षारांपेक्षा इतर कारणं मोठी आहेत. पाणी थंड असतं, पोहायचा जोर नसतो. ही पिल्लं नदीच्या प्रवाहाशी झुंजतच नाहीत. भरती आली की तळातून वर उठतात आणि पाण्याबरोबर आत वाहतात, ओहोटी लागली की तळाशी चिकटून बसतात. भरतीचा जोर संपतो तिथे हा फुकटचा प्रवास संपतो. पुढे स्वतः पोहायचं, म्हणून आधी खायला सुरुवात करायची, अंगावर रंग चढायचा. समुद्रातल्या अळीचं असं काचेचं पिल्लू होताना तिचे लांब दात गळून गेलेले असतात आणि तेव्हापासून पोटात काही गेलेलं नसतं.

एक मान्य करते. अशक्त पिल्लं, थंड पाणी आणि पेटीतली दाटी असं एकत्र आलं की थेट बदलात मरतात. तुमची शंका तिथे खरी ठरते.

सूक्ष्मदर्शी
याला जोडून अळीचं सांगतो. ईलची अळी म्हणजे लेप्टोसेफॅलस. विलोच्या पानासारखी चपटी, पारदर्शक. १८५६ मध्ये काऊप यांनी तिला वेगळाच मासा समजून वेगळं नाव दिलं होतं. शतक संपता संपता ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन जोडीने मेसिनाला तिचं ईलमध्ये रूपांतर होताना पाहिलं.

तर या अळीच्या क्लोराइड पेशी कातडीवर विखुरलेल्या असतात. जपानी ईलमध्ये असं दिसलंय की काचेच्या अवस्थेत येईपर्यंत कातडीवरच्या या पेशी नाहीशा होतात आणि कल्ल्यांत दिसू लागतात, तिथेही दोन प्रकारच्या. कल्ल्याच्या मुख्य दांड्यावरच्या खाऱ्या पाण्याचं काम बघतात, बाजूच्या पातळ पडद्यांवरच्या गोड्या पाण्याचं. म्हणजे खाडीच्या तोंडाशी येतं तेव्हा पिल्लाच्या हातात दोन्ही घरांच्या किल्ल्या असतात. मृगजळ, तुम्ही म्हणता ती तयारी होते, पण खाडीत नाही. ती समुद्रातच, रूप बदलताना उरकलेली असते.

मृगजळ
हे पटलं. माझं गृहीतक मागे घेते.

शेवाळ
छान चाललाय धागा. पण बिनकाटा यांच्या प्रश्नातलं 'सगळ्या जाती' कुठे आहे? अजून युरोपीय आणि जपानीच चाललंय.

शिंपला
रास्त. अँग्विलातच बघू.

उष्ण कटिबंधात मार्मोराटा आणि बायकलर या दोन जाती अनेक ठिकाणी एकाच नदीच्या तोंडाशी येतात. मार्मोराटा, अंगावर नक्षी असलेली, नदीतून वर चढत थेट डोंगरातल्या ओढ्यांपर्यंत जाते. बायकलर मात्र खाडीच्या आसपास, सखल भागात, मचूळ पाण्यात रमते. न्यूझीलंडमध्ये असंच जोडपं आहे. डिफेनबाखी, तिथली लांब पराची ईल, खूप आत शिरते. आखूड पराची ऑस्ट्रालिस किनाऱ्याजवळची सखल तळी आणि खाजणं पसंत करते.

शेवाळ
म्हणजे बायकलरच्या पिल्लाला गोडं पाणी झेपत नाही, असं समजायचं?

शिंपला
नाही! हाच फरक मला सांगायचाय. झेपणं वेगळं, आवडणं वेगळं. अँग्विलाच्या पिल्लांना दोन्ही टोकं झेपतात, जातीजातींत फरक पडतो तो मुख्यतः कुठे थांबायचं यात. आणि तोही पक्का नियम नाही. मार्मोराटासुद्धा कधी कधी खाडीतच राहिलेली सापडते.

धुकं
आणि हे कळलं कानातल्या खड्यावरून. माशाच्या कानात चुन्याचा बारीक खडा असतो, पिल्लू असताना त्यावर रोज एक वलय चढतं. समुद्रात स्ट्राँशियम जास्त असतं, नदीत कमी. त्यामुळे खडा कापून, घासून मध्यापासून कडेपर्यंत स्ट्राँशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण मोजत गेलं की त्या ईलने आयुष्याचा कुठला भाग कुठल्या पाण्यात काढला ते वाचता येतं. त्सुकामोतो, नाकाई आणि टेश यांनी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की काही युरोपीय आणि जपानी ईल नदीत कधी शिरल्याच नव्हत्या. लहानाच्या मोठ्या समुद्रातच झाल्या. आपण ज्याला 'गोड्या पाण्यातली ईल' म्हणतो तिच्या काही बहिणींनी गोडं पाणी पाहिलेलंच नाही.

पाऊलवाट
मग दर वेळी ठरवतं कोण? हे पिल्लू नदीत, ते पिल्लू समुद्रात?

खाडीकाठ
यावर फ्रान्समध्ये युरोपीय ईलच्या पिल्लांवर चांगलं काम झालंय. पिल्लांना एका बाजूने गोडं आणि दुसऱ्या बाजूने खारं पाणी सोडून निवड करू दिली. अंगात चरबीचा साठा भरपूर, थायरॉइडचा जोर चांगला, अशी पिल्लं गोड्या पाण्याकडे वळली. खंगलेली पिल्लं खाऱ्याकडे राहिली. विचार केला तर पटतं. गोड्या पाण्याच्या वाटेवर अंतर आहे, चढ आहे, प्रवाह आहे. शिदोरी असेल त्यानेच निघावं. मागे राहिलेल्यांचं नुकसान होतं असंही नाही, कारण खाऱ्या-मचूळ पाण्यात वाढ बऱ्याचदा जास्त वेगाने होते.

जातींच्या फरकामागे अन्नही आहे. थंड प्रदेशात समुद्र नद्यांपेक्षा जास्त पोसतो, उष्ण प्रदेशात उलट. म्हणून उत्तरेकडे खाऱ्या आणि मचूळ पाण्यात राहणाऱ्या ईल जास्त दिसतात.

शेवाळ
त्यांना गोडं पाणी 'कळतं' कसं? चवीने?

खाडीकाठ
वासाने. तोसी आणि सोला यांनी १९९३ मध्ये दाखवलं की ग्लास ईल जिओस्मिनकडे ओढल्या जातात. जिओस्मिन म्हणजे मातीतले जिवाणू तयार करतात तो पदार्थ, पहिल्या पावसानंतर जो मृद्गंध येतो तोच. हजारो किलोमीटर समुद्र तुडवून आलेलं बोटाएवढं पिल्लू ओल्या मातीच्या वासावर नदी शोधतं.

शेवाळ
अंगावर काटा आला.

मृगजळ
अवांतर, पण जुळणारं: २०१० मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं की अँग्विलाची सगळ्यात जवळची भावंडं नदीतली किंवा किनाऱ्यावरची नाहीत, तर खोल समुद्रातल्या अंधारात राहणाऱ्या स्नाइप ईल आणि गल्पर ईल आहेत. म्हणजे खारं पाणी हे माहेर, नदी ही नंतर जोडलेली वाट. अंडी घालायला अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात किंवा पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांच्या पश्चिमेला परत जातात ते त्यामुळेच असावं.

सूक्ष्मदर्शी
मृगजळ, मस्त. पण माहेरचं पाणीही अळीला फुकट मिळत नाही. जपानमध्ये प्रयोगशाळेत अंड्यापासून ईल वाढवताना अळ्यांना खारटपणा कमी केलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवलं तर वाढ सुधारते असं दिसलंय. क्षार बाहेर फेकण्यावर खर्च होणारी ताकद अंगाला लागते, हा त्यातला साधा हिशोब.

ओहोटी
बिनकाटा, हा हिशोब तुमच्या कामाचा आहे. रक्त दहा-बारा, पाणी दहा-बारा, म्हणजे मोरेला सगळ्यात कमी कष्ट. गोड्या पाण्यात तिची सगळी कमाई क्षार राखण्यात जातेय. खाणार कुठून?

तळ्याकाठी
स्वयंपाकघरातलं मीठ दोन मुठी टाका की आज रात्री. वर लिहिलंय ना, ग्लास ईल थेट बदल सहन करतात.

शिंपला
तळ्याकाठी, असं मुळीच करू नका. एक तर ते अँग्विलाचं पिल्लू, ही मोरे, तीही बारा दिवसांची उपाशी. दुसरं, खायचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. माशाला कॅल्शियम लागतं, कारण कल्ल्यांची गळती कॅल्शियममुळे आवरते. मॅग्नेशियम आणि कार्बोनेटही हवं. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठच वापरा. तिसरं, माशांच्या घाणीतला अमोनिया मोडणारे गाळणीतले जिवाणू. खारटपणा एकदम चढवला तर ते मरतात, अमोनिया वाढतो आणि ईल खारटपणाने नाही तर विषाने जाते.

तळ्याकाठी
जिवाणूंचं लक्षात आलं नव्हतं. सूचना मागे.

ओहोटी
बिनकाटा, बाकीचे मासे आजच दुसऱ्या पेटीत हलवा. मीठ आधी बादलीत विरघळवून घ्या. पाणी बदलताना थोडं थोडं चढवा, आठवड्याला सापेक्ष घनतेत (गोडं पाणी १.०००) ०.००२ एवढंच. लक्ष्य १.००८ ते १.०१० ठेवा. मोजायला अपवर्तनमापी मिळाला तर उत्तम, तरंगता काटा तापमानानुसार फसवतो. झाकण घट्ट, मोरे बोटभर फटीतून बाहेर पडते.

धुकं
आणखी एक विनंती, सगळ्यांनाच. हा धागा वाचून कुणाला ग्लास ईल पाळाव्याशा वाटल्या तर नका पाळू. युरोपीय ईल २००८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. १९८० नंतर किनाऱ्यावर येणाऱ्या पिल्लांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. धरणं आणि खाडीवरचे दरवाजे हे त्यातलं एक मोठं कारण. आणि ज्या पिल्लाला दोन्ही पाणी पेलतात ते पिल्लू दरवाज्याच्या एका बाजूला अडकून पडतं, हे मला फार लागतं. काही ठिकाणी ओल्या ब्रशांच्या शिड्या लावतात, त्यावरून पिल्लं वळवळत चढतात. ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

खाडीकाठ
+१. खाऱ्या पाण्याचा एक फायदाही सांगते. ईलच्या वाताशयात शिरणारा अँग्विलिकोला नावाचा कृमी १९८० च्या सुमारास आशियातून युरोपात आला. जपानी ईलला त्याची सवय आहे, युरोपीय ईलला नाही. पाणी जितकं खारं तितका त्याचा फैलाव कमी. खाडीत थांबलेल्या पिल्लांना हे एक संरक्षण आपोआप मिळतं.

बिनकाटा
धागा वर काढतोय, पाच आठवड्यांनी. सगळं ओहोटी आणि शिंपला यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. बाकीचे मासे हलवले, समुद्री मीठ, आठवड्याला एक पायरी.

दुसऱ्या आठवड्यात, १.००४ ला, पाइपातून डोकं पुन्हा बाहेर आलं. तिसऱ्या आठवड्यात तुकडा हुंगून सोडून दिला. चौथ्या आठवड्यात, १.००८ ला, रात्री दिवा मालवल्यावर टॉर्चवर लाल कागद लावून बसलो होतो. चिमटा खाली नेला. ती आली, थांबली, नाकपुड्यांच्या दोन बारीक नळ्या हलल्या, आणि तुकडा इतक्या जोरात ओढला की चिमटाच हातातून सुटला. त्या रात्री तीन तुकडे खाल्ले. काल पाच.

शिंपला, पोट भरलेली असताना १.०१० वर थांबू की पुढे चढवत नेऊ?

शिंपला
वा! सध्या तिथेच थांबा, महिनाभर नीट खाऊ दे. वजन भरलं की हळूहळू वर नेता येईल. वय वाढतं तशी तिला जास्त खारं पाणी मानवतं असा बऱ्याच पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. आणि चिमटा लांब दांड्याचा घ्या.